एकदाणी कुणाची अन् विचारायचं कुणाला

आठ दिवस झाले आमच्या घरात जरा तणातणी चालू आहे. झालं असं की अक्काच्या पोरीचं लग्न जमलं, तारीख धरली, आणि अक्कानं मला फोन करून सांगितलं की मायची एकदाणी, म्हणजे गळ्यातली सोन्याच्या मण्यांची माळ, पोरीच्या अंगावर घालायची आहे, लग्नात अन् पुढं मांडवपरतणीपर्यंत, तर तू येताना घेऊन ये. "घेऊन ये" म्हणली, "विचार" म्हणली नाही. मी पण हो म्हणून फोन ठेवला. बायको तिथंच भाकरी थापायली होती, ती तव्याकडं बघतच म्हणली, "आत्याबाईला विचारलाव का?"

नव्हतं विचारलं. खरं सांगतो डोक्यातच आलं नाही. मग गेलो, माय ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसली होती, तिला म्हणलं अक्काच्या पोरीला एकदाणी द्यायची का लग्नापुरती. तिनं सूप बाजूला ठेवलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणली, "दोन दिवसानं सांगते."

बस एवढंच. नाही म्हणली नाही, हो पण म्हणली नाही. पण त्या एका वाक्यावर अक्का रुसली, दाजीचा फोन आला की आम्ही काय सोनं घेऊन पळून जायलाव का, चुलतभाऊ म्हणला काकूला हे कोण शिकवायलंय, आणि सगळ्यांचा रोख माझ्या बायकोकडं. बहात्तर वर्षाच्या बाईला स्वतःच्या गळ्यातल्या दागिन्याबद्दल विचार करायला दोन दिवस लागतील ही गोष्ट कुणाला पचतच नाही, तिला कुणीतरी शिकवलेलंच पाहिजे.

आता घरातल्या माणसाला आपली किमती वस्तू वापरायला द्यायची का नाही हा प्रश्न काय फक्त आमच्या घरचा नाही. गावोगाव ट्रॅक्टर, मोटारसायकल, दागिने, पाण्याची पाळी, शिलाई मशीन, सगळं नात्यात फिरत असतं, बँक वेळेवर दारात येत नाही अन् पाऊस पण येत नाही, मग माणूस सोयऱ्याकडंच जाणार. त्यामुळं "कुणालाच काही देऊ नका, नाती खराब होतात" असलं जे मोबाईलवर फिरत असतं ते मला पटत नाही, ते शहरातल्या बंद दाराच्या लोकांसाठी ठीक आहे. माझं म्हणणं दुसरं आहे. द्यायचं का नाही हे नंतर, आधी हे बघा की ज्याची वस्तू आहे त्याला नाही म्हणता येतं का. ज्याला नाही म्हणताच येत नाही त्यानं दिली असं कसं म्हणायचं, ती तर नेली.

ट्रॅक्टरचं उदाहरण घ्या. आमचं औसा तालुक्यात आठ एकर रान, घरचा ट्रॅक्टर आहे. मृग लागला, एक चांगला पाऊस पडला की वाफसा येतो आणि मग तीन-चार दिवस सगळ्या गावाला एकाच वेळी ट्रॅक्टर पाहिजे असतो, मला पण पाहिजे, चुलतभावाला पण, भाच्याला पण, कारण वाफसा काय नातं बघून थांबत नाही, वाळली ओल की गेली पेरणी लांबणीवर. गेल्या जूनमध्ये चुलतभाऊ आला. तर ओसरीवर तीन माणसं बसली, मी, चुलतभाऊ अन् शेजारचे अण्णा, दोनदा चहा झाला, अन् सगळं बोलणं झालं. डिझेल कुणाचं? त्याचं. चालवणार कोण? आमचाच ड्रायव्हर, कारण त्याचा पोरगा सतरा वर्षाचा आहे अन् लायसन नाही. आधी आमची सोयाबीन पेरून होणार मग त्याची. माळावरच्या गोट्यावाल्या पट्टीत रोटर घालायचा नाही, पाती जातात. कुणाला राग आला का? नाही. उलट अण्णा म्हणले बोलून घेतलेलं बरं असतं.

आणि त्या लायसनच्या अटीत काय माझा कंजूषपणा नव्हता हे पण सांगतो, कारण खेड्यात लोकांना वाटतं रानात कोण बघायलंय. अल्पवयीन पोराच्या हातात गाडी दिली अन् काही झालं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षापर्यंत शिक्षा, 25 हजार दंड आणि वर्षभर गाडीची नोंदणी रद्द, असं आहे. मोठा माणूस असला पण लायसन नसलं तरी त्याला गाडी देणारा मालक वेगळा दंडाला पात्र. त्यात शेतीसाठी म्हणून विमा काढलेला ट्रॅक्टर ट्रॉलीत वऱ्हाड भरून लग्नाला गेला अन् पलटी झाला तर विमा कंपनी हात वर करते, नाहीतर जखमीला आधी पैसे देऊन मग मालकाकडनं वसूल करते. म्हणजे वऱ्हाड दुसऱ्याचं, वाजंत्री दुसऱ्याचं, अन् कोर्टाच्या चकरा आपल्या. हे सगळं ट्रॅक्टरबद्दल पुरुष माणसांना बरोबर ठाऊक असतं आणि त्याच्यावर दोन चहा होतात.

मायच्या पाटल्यावर एक पण चहा झाला नव्हता.

ती गोष्ट 1996 ची, मी सहावीत होतो. धाकट्या चुलत्यानं बोअर घेतला, त्याला पैसे पाहिजे होते. वडील रात्री घरात आले, माय चुलीपुढं होती, वडील म्हणले, "पाटल्या काढ." तिनं काढल्या. मला अजून दिसतं, हाताला राख लावून, जरा साबण लावून, कारण निघत नव्हत्या, लग्नापासून हातात होत्या. चार तोळ्याच्या. गहाण ठेवल्या. बोअरला पाणी लागलं नाही, फफुटाच निघाला, पाटल्या सुटल्या नाहीत. चुलता वाईट माणूस नव्हता हं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल व्हिलन असेल. सरळ माणूस होता, दहा-बारा वर्षांनी ऊस चांगला झाला तेव्हा वीस हजार रुपये घेऊन आला आणि वडिलांच्या हातात दिले, वहिनीच्या पाटल्याचे म्हणून. 1996 ला सोनं तोळ्याला पाच हजाराच्या आसपास होतं, त्यानं हिशोब बरोबर केला होता, चार पंचे वीस. फक्त तो हिशोब त्याच्या बाजूचा होता. तोवर भाव दुपटीच्या वर गेला होता, अन् आज तोळा लाखाच्या वर गेलाय, आज त्या पाटल्या असत्या तर चार लाखाच्या वर असत्या. आणि दुसरी गोष्ट, पैसे दिले ते वडिलांना. त्या पैशाचं खत आलं. मायला तर त्या दिवशी पैसे आले होते हे पण दुसऱ्या दिवशी कळलं.

म्हणून मी म्हणतो की उसनं दिलेलं सोनं म्हणजे पैसा नव्हे. पैसा दिला तर पैसा परत येतो, नोट कुठली का असेना. पण वस्तू वापरायला दिली तर तीच वस्तू परत आली पाहिजे. माझा आजा निजामाच्या राज्यात शिकलेला, त्याचं मराठी अर्धं उर्दू होतं, तो असल्या वस्तूला "अमानत" म्हणायचा. दुसऱ्याच्या घरची परात जरी आमच्याकडं आलेली असली तरी "वो अमानत है, धुवून ठेव" म्हणायचा. 1948 ला निजाम गेला, कागदपत्रातनं उर्दू गेली, आज्याबरोबर तो शब्द पण गेला, आणि आमच्याकडं राहिलं ते फक्त "घरचंच तर आहे". हे "घरचंच तर आहे" लई डेंजर वाक्य आहे. ते म्हणणाऱ्याचं कधीच काही जात नसतं.

गंमत म्हणजे आपला जुना कायदा पण आज्यासारखाच बोलतो. मी वकील नाही, पण 1872 चा जो करार कायदा आहे त्याच्यात हे सगळं दिलेलं आहे, की वापरायला घेतलेली वस्तू शहाणा माणूस स्वतःची जपतो तशी जपायची, ठरलेल्या कामासाठीच वापरायची, आणि फुकट दिलेली असेल तर मालकाला ती मुदतीच्या आधी पण परत मागता येते. मात्र घेणाऱ्यानं त्या मुदतीच्या भरवशावर काही काम अंगावर घेतलं असेल, अन् लवकर परत दिल्यानं त्याला वापराच्या फायद्यापेक्षा जास्त तोटा होत असेल, तर तो जास्तीचा तोटा परत मागणाऱ्यानं भरून द्यायचा. आता बघा, अर्धी पेरणी झाल्यावर राग आला म्हणून ट्रॅक्टर ओढून आणणारा माणूस असतो ना गावात, त्याचा पण विचार दीडशे वर्षाखाली करून ठेवलेला आहे. इंग्रजाच्या काळचा कायदा, पण आपल्या भावकीपेक्षा समजूतदार निघाला.

स्त्रीधनाचं तर सुप्रीम कोर्टानं 1985 मध्येच प्रतिभा राणी खटल्यात सांगितलंय की ते बाईच्या एकटीच्या मालकीचं, नवऱ्याकडं किंवा सासरी ठेवलेलं असलं तरी ते विश्वासानं सांभाळायला दिलेलं, मागितलं की परत द्यायचं. 2024 च्या एप्रिलमध्ये परत सांगितलं की ते नवरा-बायकोच्या जोड मालकीचं होत नाही, नड पडली म्हणून नवऱ्यानं वापरलं तरी तेच किंवा त्याची किंमत तिला परत करायचं नैतिक बंधन त्याच्यावर राहतं. चांगलं आहे. पण कोणती बाई दिराच्या बोअरसाठी गेलेल्या पाटल्या मागायला कोर्टात जाणार आहे. गोल्ड लोन काढायला बँकेत कोण जातं, पुरुष, कर्ज कुणाच्या नावावर, पुरुषाच्या, अन् हप्ता थकला, लिलावाची नोटीस निघाली तर ती जाते ज्याच्या नावावर कर्ज आहे त्याला. ज्या बाईच्या गळ्यातलं सोनं आहे तिला तो कागद दिसत पण नाही. बँक तर सोन्याच्या किमतीपेक्षा कमीच कर्ज देते, म्हणजे आपली बाजू सांभाळूनच पैसे मोजते. बाईच्या बाजूनं तेवढा हात राखून कुणी बोलतच नाही.

आता मला जे नेहमी ऐकवलं जातं ते असं, की नात्यात लिहून-बिहून घेणं, अटी सांगणं हे बरं दिसत नाही, नातं म्हणजे काय दुकान आहे का.

तर ह्याच्यावर मला आहेराची वही आठवते. कुठल्याही लग्नात मांडवाच्या तोंडाशी एक माणूस वही घेऊन बसलेला असतो, शक्यतो घरातला शिकलेला पोरगा, मी स्वतः कितीतरी लग्नात बसलोय. गावाचं नाव, माणसाचं नाव, एकशे एक रुपये. पातेलं एक. टॉवेल-टोपी. साडी. पावणा पण उभा राहून बघतो की नाव बरोबर लिहिलं का, गाव चुकलं की सांगतो. ती वही घरात पेटीत वर्षानुवर्ष जपून ठेवतात, आणि त्या पावण्याच्या घरचं लग्न आलं की वही काढून बघतात, ह्यांनी एकशे एक दिले होते तर आपण दोनशे एक देऊ. ह्याच्यानं कुणाचं नातं तुटलेलं मी बघितलं नाही. उलट वहीत नाव नसलं तर नातं तुटतं! म्हणजे एकशे एक रुपये अन् एक पातेलं लिहून ठेवणारे आपण लोक, चार तोळे सोनं गेलं तेव्हा पाटीवर पण लिहून ठेवलं नाही. का? कारण आहेर दोन घरात होतो, दोन्हीकडं कारभारी माणूस असतो, त्यांचा मान असतो. पाटल्या एका बाईच्या होत्या. बाईचा मान घराच्या मानातच धरलेला असतो, वेगळी वही कशाला. लिहिण्याची लाज कुणालाच वाटत नाही, कुणाच्या नावानं लिहायचं तिथं अडतं.

लोक सावडीचं पण उदाहरण देतात. माझ्या आज्याच्या काळी ज्याच्याकडं एकच बैल तो दुसऱ्या एका बैलवाल्याला गाठायचा, दोघांचे मिळून एक जोडी, आज तुझं रान उद्या माझं. आता सावड म्हणलं की लोक डोळे ओले करून बोलतात काय तो जिव्हाळा होता म्हणून. जिव्हाळा असेल, मी नाही म्हणत नाही, पण दोघांकडं द्यायला एकेक बैल होता हे कुणी सांगत नाही. माझा देवणी बैल तुझ्या दावणीला गेला तर तुझा कंधारी माझ्या रानात येणारच होता, एकानं दुसऱ्याच्या बैलाला उपाशी ठेवलं तर उद्या ह्याचा बैल पण उपाशी राहणार. ट्रॅक्टर आल्यावर ते मोडलं. आता एकाकडं ट्रॅक्टर अन् दहा जणांकडं काहीच नाही, तर ती सावड राहिली नाही, एकतर भाडं झालं नाहीतर उपकार, आणि उपकार घेणाऱ्याला पण जड जातात हे लक्षात घ्या. चुलतभाऊ डिझेल स्वतः भरतो तेव्हा तो ताठ मानेनं ट्रॅक्टर नेतो, मी फुकट दिला तर तोच माणूस वर्षभर माझ्याकडं बघायचं टाळेल.

आणि सावडीत पण एक दिवस नाही म्हणायचा होताच. पोळ्याला कुणी बैल मागत नाही, त्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, आदल्या दिवशी खांदेमळणी, मग आंघोळ, झूल, पुरणपोळी. मागितला तर मागणाराच येडा ठरतो. म्हणजे नाही म्हणायची सोय आपल्या रीतीत होती की, बैलाला होती, बाईला नव्हती.

बरं, सगळीकडं अटी चालतात असं पण माझं म्हणणं नाही. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला, नद्या रानातनं गेल्या, सोयाबीन कुजली, माती वाहून गेली, जनावरं गेली, त्या वेळी ज्याच्याकडं ट्रॅक्टर होता त्यानं काढला, माणसं आणली, धान्य आणलं, डिझेल कुणाचं हे कुणी विचारलं नाही, अन् विचारणाऱ्याला मी पण दारात उभं केलं नसतं. पुरात वही काढत नसतात. पण लग्नात मिरवायची एकदाणी म्हणजे पूर नव्हे. आपण प्रत्येक मागणीला पुराची मागणी करून टाकतो, "एवढी नड आहे अन् तुम्ही असं करताव" म्हणून, आणि समोरच्याला भीड पडते. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय उगीच नाही, भिडेनं देणारा एक दिवस मागणारा होऊन बसतो. माझी एक मावसबहीण शिवणकाम करते, तिच्याकडनं जावेनं मशीन नेलं आठ दिवसासाठी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, भिडेनं दिलं. दिवाळीचे ब्लाऊज दुसरीकडं गेले, गिऱ्हाईक पण दुसरीकडंच राहिलं, अन् तिला स्वतःला नंतर दुकानात उधारी मागायची वेळ आली. ज्या वस्तूवर चूल पेटते ती कामाच्या दिवसात द्यायचीच नाही, ह्याच्यात मला तरी विचार करण्यासारखं काही वाटत नाही.

अक्काची बाजू पण सांगितली पाहिजे, नाहीतर ती वाचून अजून रुसेल. तिचं म्हणणं असं की मी पण हिचीच लेक आहे, तू मुलगा म्हणून घरात राहिलास, रान तुझ्याकडं, ट्रॅक्टर तुझ्याकडं, मला एकदाणी चार दिवस मागायला पण लाज वाटावी का. ह्याला माझ्याकडं उत्तर नाही. 2005 पासून हिंदू पोरीला वडिलोपार्जित रानात पोराइतकाच हिस्सा आहे, अक्कानं तो कधी मागितला नाही, आणि मी पण कधी "घे" म्हणलो नाही. वडील गेल्यावर हक्कसोड पत्रावर तिनं सही केली ती पण एका दिवसात, चहा पण धड पिली नाही. तेव्हा तिला दोन दिवस विचार करायला कुणी दिले होते? मी नव्हते दिले. म्हणजे मायच्या बाबतीत जे मला आज दिसायलंय तेच मी बहिणीबरोबर केलेलं आहे, अन् हा लेख लिहायला बसलो तेव्हा हे माझ्या डोक्यात नव्हतं, लिहिता लिहिता आलं. आता आलंय तर खोडत नाही.

पण त्याची भरपाई मायच्या एकदाणीनं कशी होईल? अक्काचं काही देणं असेल तर ते माझ्याकडं आहे, रानात आहे, ते मायच्या गळ्यातनं काढून द्यायचं म्हणजे परत तेच, चुलत्याच्या बोअरसारखं. कालच अक्काला फोन करून सांगितलं की रानाचं आपण वेगळं बसून बोलू, अन् एकदाणीचं तू स्वतः मायला विचार, माझ्यामार्फत नको. ती म्हणली, "मायला काय विचारायचं असतंय रे?" मग जरा वेळ कुणीच बोललं नाही. मग म्हणली बघते.

मायचे दोन दिवस संपून आता आठ झालेत, मी विचारत नाही, बायकोला पण सांगितलंय विचारू नको. परवा रात्री लाईट गेली होती, मी मोबाईलची बॅटरी लावून आतल्या खोलीत गेलो तर माय पेटी उघडून बसली होती. एकदाणी काढून गळ्यात घातली होती. मला बघून काढली नाही. हातानं मणी चाचपत म्हणली, "सोन्याला आता काय भाव आहे रे?"

मी सांगितला. ती हाताची बोटं मोडत काहीतरी मोजायली होती, मनगटाकडं बघून.

"बरं," म्हणली, अन् पेटी लावून घेतली. एकदाणी गळ्यातच होती.